हूजियर, टारहील, होकी: विद्यापीठांच्या टोपणनावांची खरी गोष्ट कुठली मानायची?

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलीला इंडियाना युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली, तिथे सगळे स्वतःला अभिमानाने हूजियर म्हणवतात, पण अर्थ विचारला तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला "हू इज हिअर?" चा अपभ्रंश, दुसरा म्हणाला कालव्याच्या कामावरचा हूजियर नावाचा कॉन्ट्रॅक्टर, तिसऱ्याने एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचं नाव सांगितलं. यातलं खरं काय, आणि बाकीच्या अमेरिकन विद्यापीठांचंही असंच असतं का?

हो, असंच असतं. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आर्काइव्हजमध्ये वीसेक वर्षं काम केलंय, म्हणजे जुनी पत्रं, विद्यार्थ्यांचे पेपर, इयरबुकं, फोटो सांभाळायचे आणि लोकांचे प्रश्न आले की कागद काढून उत्तर द्यायचं, आणि फुटबॉलचा सीझन सुरू झाला की टोपणनावाचा प्रश्न यायचाच यायचा. त्यामुळे जरा लांबण लावून सांगतो, कारण दोन ओळीत सांगितलं की परत एक चौथी गोष्ट पसरते.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. "हे नाव कुठून आलं" हा एक प्रश्न वाटतो पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. शब्द मुळात कुठून आला, तो त्या राज्यातल्या किंवा गावातल्या लोकांना कधी चिकटला, आणि कॉलेजच्या टीमने तो कधी घेतला. या तिन्हींच्या तारखा वेगळ्या असतात, कधी कधी शंभर-शंभर वर्षांचं अंतर असतं, आणि भांडणं होतात ती बहुतेक वेळा एक माणूस पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि दुसरा तिसऱ्याचं, म्हणून. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बकाय या नावाचं बघा. बकाय हे त्या भागातलं एक झाड, ओहायोच्या लोकांना ते नाव 1840 च्या विल्यम हेन्री हॅरिसनच्या निवडणूक प्रचारात पक्कं चिकटलं, आणि विद्यापीठाने ते अधिकृतपणे घेतलं 1950 मध्ये. आता कुणी "बकाय कधीपासून?" विचारलं तर तुम्ही काय सांगणार?

तर तुमच्या हूजियरकडे येऊ. यात शब्द कधी लोकप्रिय झाला ते बऱ्यापैकी माहितीये. 1833 च्या 1 जानेवारीला इंडियानापोलिस जर्नलमध्ये जॉन फिन्लीची एक कविता छापून आली, तिच्या नावातच हूजियर होता, आणि ती गाजली, इतर पेपरांनी उचलली. त्याच्या दोन वर्षं आधीच्या, 1831 च्या एका पत्रात वॉबॅश नदीवरच्या बोटीला "इंडियाना हूजियर" नाव द्यायची गोष्ट आहे. म्हणजे 1830 च्या आसपास तिथल्या लोकांना हा शब्द समजत होता, समजावून सांगायची गरज नव्हती. इथपर्यंत कागद आहेत.

याच्या मागे गेलं की धुकं सुरू होतं. "हू इज हिअर" वाली गोष्ट, म्हणजे लाकडाच्या खोपटाचं दार कुणी वाजवलं की आतला माणूस ओरडायचा आणि त्याचं हूजियर झालं, ही गोष्ट मी बिनधास्त बाजूला ठेवतो. असं दार तर केंटकीतही वाजत होतं, ओहायोतही वाजत होतं, फक्त इंडियानाच्याच माणसाला हे नाव का पडावं? आणि दुसरी एक आहे, दारूच्या गुत्त्यात मारामारी झाली, सकाळी जमिनीवर तुटलेला कान पडलेला, आणि कुणीतरी विचारलं "हूज इयर?" ही तर जेम्स व्हिटकम रायली या इंडियानाच्याच कवीने गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट, लोकांनी ती इतिहास म्हणून उचलली. कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट जास्त शहाणी वाटते, केंटकीतल्या लुइव्हिलच्या कालव्यावर सॅम्युअल हूजियर नावाचा ठेकेदार होता, तो नदीपलीकडच्या इंडियानाच्या माणसांना कामावर घ्यायचा, म्हणून ते "हूजियरचे लोक". पण शोधणाऱ्यांना असा ठेकेदार कागदोपत्री सापडला नाही, आणि कालव्याचं काम म्हणजे हिशेबाच्या वह्या, मजुरी, पावत्या, तिथे ठेकेदाराचं नाव कुठेच नसणं मला खटकतं.

राहिल्या दोन. जेकब पायट डन नावाच्या इंडियानाच्या इतिहासकाराने 1907 मध्ये या एका शब्दावर मोठा अभ्यास छापला. त्याला दिसलं की दक्षिणेकडच्या राज्यांत हूजियर हा शब्द गावंढळ, अडाणी, रांगडा माणूस या अर्थाने सर्रास चालायचा, इंडियानाशी काही संबंध नसताना. आणि त्याने त्याचं मूळ इंग्लंडच्या कंबरलँड भागातल्या बोलीत शोधलं, तिथे "हूझर" म्हणजे काहीतरी अवाढव्य. तिथले लोक अमेरिकेच्या दक्षिणेत आले, तिथून डोंगर ओलांडून इंडियानात. दुसरी मांडणी विल्यम पियर्सन या इतिहासकाराने 1995 मध्ये केली. हॅरी होझियर नावाचा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा एक कृष्णवर्णीय उपदेशक होता, 1806 मध्ये वारला, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं पण त्याचं प्रवचन ऐकायला ही गर्दी जमायची, आणि पियर्सन म्हणतो की त्याच्या मागे जाणाऱ्या गरीब, अशिक्षित गोऱ्या मेथडिस्टांना टोमणा म्हणून हे नाव पडलं असावं. मला ही मांडणी मनापासून आवडते, होझियरसारख्या माणसाचं नाव निघावं असं वाटतं, पण मला आवडते म्हणून ती सिद्ध होत नाही. त्याच्या नावापासून टोमण्यापर्यंतची मधली पायरी दाखवणारा त्या काळचा कागद हवा. म्हणून माझं उत्तर असं: शब्दाचा अर्थ आधी "गावठी माणूस" असा होता हे जवळजवळ नक्की, सेंट लुईसमध्ये आजही हूजियर ही शिवीच आहे, आणि तो अर्थ कुठून आला याबाबत डनच्या बाजूला पुरावा जास्त, पियर्सनच्या बाजूला शक्यता. मुलीला कुणी "हू इज हिअर" सांगितलं तर तिने ऐकून घ्यावं आणि पुढे सांगू नये. बाकी, अमेरिकन सरकारच्या छापखात्याने 2017 पासून इंडियानाच्या रहिवाशाला अधिकृत शब्द म्हणून हूजियर घेतलाय, आधी इंडियानन होता, तो तिथे कुणी बोलत नव्हतं.

आता मी हे ठरवतो कसं, ते सांगतो, आणि त्याला टेक्सास विद्यापीठाच्या बैलाचं उदाहरण सगळ्यात बेस्ट आहे. टीमचं नाव लाँगहॉर्न्स, आणि त्यांचा जो जिवंत लांब शिंगांचा बैल मॅचला आणतात त्याचं नाव बीव्हो. गोष्ट अशी सांगतात: 1915 मध्ये टेक्सास ए अँड एम या प्रतिस्पर्धी विद्यापीठाने टेक्सासला 13-0 हरवलं होतं, मग ए अँड एमची पोरं रात्री गुपचूप गेली आणि बैलाच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने 13-0 असा डाग दिला. मग टेक्सासच्या पोरांनी लाज झाकायला त्या 13 चा बी केला, आडव्या रेघेचा ई केला, मध्ये व्ही घुसवला, शून्याचा ओ झालाच, आणि झालं बीव्हो. इतकी सुबक गोष्ट आहे की ऐकणारा लगेच कागदावर काढून बघतो आणि जमतंय बघून खूश होतो. डाग दिला हे खरं आहे, 1917 च्या फेब्रुवारीत. पण 1916 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे दोन महिने आधी, टेक्सासच्या माजी विद्यार्थ्यांच्या अल्काल्डे मासिकात संपादक बेन डायरने थँक्सगिव्हिंगच्या मॅचचा वृत्तांत लिहिताना बैलाचं नाव बीव्हो असं छापून टाकलं होतं. संपलं. नाव आधी, डाग नंतर. एका तारखेने अख्खी गोष्ट कोसळते, बाकी कितीही लोकांनी आजोबांकडून ऐकली असली तरी. मग बीव्हो आलं कुठून तर एक मत असं की मांसासाठी पाळलेल्या जनावराला इंग्रजीत "बीव्ह" म्हणायचे आणि त्या काळात चित्रकथांमुळे नावाला शेवटी ओ लावायची फॅशन होती, दुसरं मत असं की त्याच सुमाराला याच नावाचं एक बिनदारूचं बिअरसारखं पेय बाजारात आलं होतं. यातलं कुठलं ते ठरवायला वाव आहे, डागाला नाही.

म्हणून आर्काइव्हजमध्ये नवीन येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच शिकवायचो की गोष्ट किती छान आहे ते बघू नका, ती पहिल्यांदा छापून कधी आली ते बघा. समजा घटना 1781 ची आणि गोष्ट पहिल्यांदा 1900 नंतर दिसते, तर मधली सव्वाशे वर्षं ती कुठे होती? तोंडी असू शकते, नाही असं नाही. पण मग तिच्या बरोबरीने दुसऱ्या तोंडी गोष्टीही तितक्याच खऱ्या धराव्या लागतात.

टारहीलवर, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या टोपणनावावर, मला जरा जास्त बोलायचंय कारण तिथे ही सगळी गडबड एकत्र दिसते आणि मागे एक खरा धंदा आहे, खऱ्या माणसांची मेहनत आहे. नॉर्थ कॅरोलायनात लाँगलीफ पाइनची प्रचंड जंगलं होती. लाकडी जहाजांचा जमाना, दोरखंडांना डांबर हवं, जहाजाच्या फळ्यांच्या फटी बुजवायला पिच, म्हणजे घट्ट डांबर, हवं, आणि ब्रिटिशांनी 1705 पासून वसाहतींतून हा माल यावा म्हणून पैसे द्यायला सुरुवात केली. डांबर काढायचं म्हणजे पाइनचे वाळलेले ओंडके रचायचे, वरून मातीने झाकायचे, आणि आत धुमसत ठेवायचे, दिवसच्या दिवस, मग खालच्या चरातून काळं डांबर वाहत येतं ते पिंपात भरायचं. भट्टीवर राबणारे लोक कोण? गुलाम कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे, आणि अनवाणी. टाचेला डांबर लागणारच. अशा माणसाला "टारहील" म्हणणं म्हणजे तुझ्या पायावरून कळतं तू कोण आहेस ते, असं म्हणणं. त्याच्या आधी त्या राज्याच्या लोकांना "टार बॉयलर" म्हणायचे, तेही कौतुकाने नाही.

पण तुम्ही चॅपल हिलला, म्हणजे त्या विद्यापीठाच्या गावाला, गेलात तर तुम्हाला हे आधी कुणी सांगणार नाही. आधी सांगतील अमेरिकेच्या यादवी युद्धातली गोष्ट, की एका लढाईत दुसऱ्या राज्याची पलटण मागे पळाली आणि नॉर्थ कॅरोलायनाचे सैनिक पाय रोवून उभे राहिले, नंतर त्या पळालेल्यांनी खिजवलं की तुमच्या राज्यात अजून डांबर शिल्लक आहे का, तर हे म्हणाले नाही, सगळं आमच्या प्रेसिडेंट डेव्हिसने विकत घेतलंय, पुढच्या लढाईत तुमच्या टाचांना लावणार आहे म्हणजे तुम्ही चिकटून राहाल. आणि दक्षिणेच्या फौजेचा जनरल ली हे ऐकून म्हणाला, देव या टारहील पोरांचं भलं करो. ही गोष्ट राज्याच्या पलटणींच्या 1901 मध्ये छापलेल्या मोठ्या इतिहासात आहे, म्हणजे युद्ध संपून छत्तीस वर्षं झाल्यावर, म्हातारे सैनिक आठवणी सांगत असताना. आणि दुसरी गोष्ट अजून मागची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली, 1781 मध्ये कॉर्नवॉलिसची ब्रिटिश फौज टार नदी ओलांडत होती, लोकांनी नदीत डांबर ओतून ठेवलेलं, सैनिक पलीकडे निघाले तर पाय काळे. या दोन्ही गोष्टींत बघा काय झालंय. डांबर तेच, टाच तीच, पण भट्टीवरचा अनवाणी मजूर गायब आणि त्याच्या जागी शूर सैनिक.

त्या युद्धाच्या काळातला खरा कागद कुठला तर एका सैनिकाची डायरी, विल्यम लोरन्स त्याचं नाव, 1863 च्या फेब्रुवारीत तो लिहितो की पाइनची ही जंगलं बघितल्यावर लोक आपल्याला टारहील म्हणतात यात नवल नाही. म्हणजे 1863 मध्ये बाहेरचे लोक त्यांना हे नाव ठेवत होतेच, आणि तो लढाईचं, चिकटून राहण्याचं काही बोलत नाही, जंगलाचं बोलतो. माझ्या मते ही एक ओळ त्या 1901 च्या सगळ्या पानांपेक्षा जड आहे. युद्धाने नाव जन्माला घातलं नाही, युद्धाने त्याचा अर्थ उलटा केला, शिवीचा बिल्ला झाला. आणि विद्यापीठाने ते घेतलं त्यानंतर, 1893 मध्ये विद्यार्थ्यांनी पेपर काढला त्याचं नावच "टार हील" ठेवलं, तोपर्यंत शिवी बऱ्यापैकी पुसली गेलेली होती.

शिवीचा बिल्ला होणं हा प्रकार इतका वेळा दिसतो की नवीन टोपणनावाची फाइल उघडली की मी आधी तेच शोधतो. ओक्लाहोमाचे सूनर्स घ्या. 1889 च्या 22 एप्रिलला दुपारी बारा वाजता सुमारे वीस लाख एकर जमीन दावा करणाऱ्यांसाठी खुली झाली, हजारो लोक सीमेवर घोडे-गाड्या घेऊन उभे, इशारा झाला की धावायचं आणि जमीन गाठायची. जे आधीच लपूनछपून आत घुसून बसले होते ते सूनर, म्हणजे वेळेच्या आधी गेलेले. कायद्यातच तरतूद होती की असा माणूस जमिनीवरचा हक्क गमावेल, कोर्टात वर्षानुवर्षं खटले चालले. आणि ज्या जमिनीवर ही धावाधाव झाली ती आधी क्रीक आणि सेमिनोल या मूळनिवासी लोकांकडून घेतलेली, हेही सांगायला हवं. एकोणीस वर्षांनी, 1908 मध्ये विद्यापीठाच्या टीमने सूनर्स हे नाव घेतलं. एकोणीस वर्षांत फसवणूक करणाऱ्याचं नाव धडाडीच्या माणसाचं नाव झालं! इथे उगमाचा वाद नाहीच, वाद आहे तो त्या उगमाकडे बघायचं की नाही याचा.

कॅन्ससचा जेहॉकही त्याच जातीचा. गुलामगिरीवरून कॅन्सस आणि मिझुरीच्या सीमेवर 1850 च्या दशकात खून-लुटालूट चालली होती, तेव्हा लुटारू टोळ्यांना जेहॉकर म्हणायचे. युद्धात सातव्या कॅन्सस घोडदळाचं नावच जेनिसनचे जेहॉकर्स पडलं, आणि हळूहळू कॅन्ससमध्ये ते देशभक्तीचं नाव झालं, सीमेपलीकडे मिझुरीत मात्र त्याचा अर्थ घर जाळणारे असाच राहिला. ब्लू जे आणि स्पॅरो हॉक या दोन पक्ष्यांचं मिश्रण हे स्पष्टीकरण लोक देतात, ते ऐकायला ठीक आहे, पण 1849 मध्येच इलिनॉयहून कॅलिफोर्नियाला सोन्यासाठी निघालेल्या एका तांड्याने स्वतःला जेहॉकर्स म्हटलं होतं, त्यामुळे शब्द कॅन्ससच्या भांडणाच्या आधीचा आहे एवढं धरून चालायचं. विद्यापीठाची "रॉक चॉक जेहॉक" ही आरोळी 1886 ची, बेली नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांची, आधी "रा रा" होतं मग त्या टेकडीवरच्या चुनखडीवरून "रॉक चॉक" झालं. आणि टीमचं चिन्ह असलेला बूट घातलेला पक्षी आला 1912 मध्ये, हेन्री मॅलॉय या विद्यार्थ्याने पेपरसाठी काढला तेव्हा. म्हणजे बघा, शब्द आधी, आरोळी मग, पक्षी सगळ्यात शेवटी, आणि लोक उगम शोधतात पक्ष्यापासून.

नोटर डेमचं फायटिंग आयरिश. हे विद्यापीठ 1842 मध्ये काढलं फ्रेंच पाद्र्यांनी, फादर एडवर्ड सोरिन, मग आयरिश कुठून? एक गोष्ट: फादर कॉर्बी, जे पुढे विद्यापीठाचे प्रेसिडेंट झाले, ते यादवी युद्धात आयरिश ब्रिगेडबरोबर होते, गेटिसबर्गला लढाईआधी सैनिकांना पापक्षमा दिली. ते होते हे शंभर टक्के खरं, पण त्यावरून टीमला नाव पडलं याला मधला दुवा नाही. दुसरी: 1899 मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या प्रेक्षकांनी आयरिशांना मारा अशा घोषणा दिल्या. तिसरी: 1909 मध्ये मिशिगनविरुद्ध हरत असताना एक खेळाडू सोबत्यांवर ओरडला की तुम्ही सगळे आयरिश आणि लढत का नाही, पेपरवाल्याने ऐकलं. मला विचाराल तर एक उगम शोधणंच इथे चुकीचं आहे. त्या काळात कॅथलिक कॉलेज म्हटलं की प्रोटेस्टंट प्रेक्षक आयरिश म्हणून हिणवणारच, हे नाव एका दिवशी पडायची गरजच नाही, ते दर शनिवारी पडत होतं. पेपरवाले त्यांना कॅथलिक्स म्हणायचे, रॅम्बलर्स म्हणायचे कारण टीम सतत बाहेरगावी खेळायची. मग 1919 मध्ये आयर्लंडचा नेता डी व्हॅलेरा कॅम्पसवर येऊन गेला, 1924 च्या मे महिन्यात कॅथलिकविरोधी कू क्लक्स क्लॅनचे लोक विद्यापीठाच्याच गावात, साउथ बेंडमध्ये जमले तेव्हा नोटर डेमची पोरं रस्त्यावर उतरून त्यांना भिडली, न्यूयॉर्कमधल्या फ्रान्सिस वॉलेस नावाच्या पत्रकाराने, जो स्वतः तिथलाच विद्यार्थी होता, हे नाव पुन्हापुन्हा छापलं, आणि 1927 मध्ये प्रेसिडेंट फादर मॅथ्यू वॉल्श यांनी अधिकृत मान्यता दिली. 1927 ची तारीख पक्की. त्याच्या आधीचं सगळं एका प्रवाहासारखं आहे, त्यातला एक थेंब उचलून हाच पहिला म्हणता येत नाही.

पत्रकारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, जिथे उगम खरंच सापडतो तिथे बहुतेक वेळा तो एखाद्या स्पोर्ट्स पानावर सापडतो. कारण त्यांना मथळ्यासाठी नाव लागायचं, "अमुक राज्य विद्यापीठाचा संघ" दर ओळीत लिहिणार कसं. पर्ड्यू विद्यापीठाने 1891 मध्ये वॉबॅश कॉलेजला 44-0 असं धुतलं, हरलेल्यांच्या गावच्या, क्रॉफर्ड्सव्हिलच्या पेपरने मथळ्यात पर्ड्यूच्या धटिंगणांना बॉयलर मेकर्स म्हटलं, इंजिनिअरिंगचं कॉलेज ना, म्हणजे बॉयलर बनवणारे कामगार, आणि पर्ड्यूच्या पोरांना ते एवढं आवडलं की ठेवूनच घेतलं. परत शिवीच! नेब्रास्काच्या टीमला बगईटर्स म्हणायचे, किडे खाणारे, ते साय शर्मन या लिंकनच्या पत्रकाराला सहन होईना, त्याने 1900 च्या सुमाराला कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे, असं लिहायला सुरुवात केली, जे नाव त्याआधी आयोवासाठीही वापरलं गेलं होतं. अलाबामाचं क्रिमझन टाइड, म्हणजे किरमिजी लाट, हे बर्मिंगहॅमच्या ह्यू रॉबर्ट्सच्या नावावर आहे, 1907 मध्ये ऑबर्नबरोबर लाल चिखलात 6-6 अशी बरोबरी झाली त्या मॅचवरून, आणि पुढे झिप न्यूमनने ते लोकांच्या तोंडी बसवलं. पण त्यांच्या टीमचं चिन्ह असलेला हत्ती? एक सांगतात 1930 मध्ये प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "थांबा, हत्ती येतायत", आणि अटलांटाच्या पत्रकाराने ते छापलं. दुसरे सांगतात बर्मिंगहॅमच्या एका बॅगांच्या दुकानदाराने खेळाडूंना दिलेल्या टॅगवर लाल हत्ती होता. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असायला काही हरकत नाही, लोक उगाच एक मारून दुसरी जिवंत ठेवायला बघतात.

आता एक वाईट प्रकार, ज्याबद्दल मला आजही राग येतो. सिरॅक्यूज विद्यापीठात 1931 साली विद्यार्थ्यांच्या विनोदी मासिकात लेख आला की कॅम्पसवर खोदकाम करताना ओनोंडागा या मूळनिवासी जमातीच्या सोळाव्या शतकातल्या सरदाराचे अवशेष सापडले. सगळं रचलेलं होतं. पण त्यावरून सॉल्टाइन वॉरियर हा मॅस्कॉट, म्हणजे टीमचं बोधचिन्ह, झाला, मिठाच्या धंद्यावरून सॉल्टाइन, 1951 मध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला, आणि पिसं लावून एक विद्यार्थी मैदानात नाचायचा. ओनोंडागा लोक तिथून काही मैलांवर राहतात, ते हे सगळं बघत होते. विरोध झाला, 1978 मध्ये तो मॅस्कॉट बंद केला. चाळीसहून जास्त वर्षं. कुणी एकाने जरी विचारलं असतं की ही हाडं कुठे ठेवलीयेत, खोदकामाची नोंद दाखवा, तरी गोष्ट तिथेच थांबली असती. म्हणून "अहो मजेशीर गोष्ट आहे, असू दे ना" असं कुणी म्हणतं तेव्हा मी असू देत नाही.

ओल मिस हे मिसिसिपी विद्यापीठाचं नावही असंच अवघड जागेचं. लोक म्हणतात मिसिसिपीचं लाडाने मिस, किंवा त्या नावाची ट्रेन होती. पण नाव आलं ते 1897 च्या पहिल्या इयरबुकसाठी घेतलेल्या स्पर्धेतून, एल्मा मीक या तरुणीने सुचवलं, आणि तिनेच नंतर सांगितलं की मळ्यावरच्या मालकिणीला गुलाम लोक ज्या शब्दाने हाक मारायचे तो हा शब्द. सुचवणारी व्यक्ती स्वतः सांगतेय, तिथे ट्रेन कशाला शोधायची? लोक शोधतात कारण खरा उगम बोलायला जड जातो. स्पष्टीकरण जेव्हा फार सोयीचं असतं तेव्हा मी जास्त कागद मागतो, हा नियम मी या फाइलवरून शिकलो.

आणि कधी कधी शब्दाला अर्थच नसतो, हे पचवणं लोकांना सगळ्यात कठीण जातं. व्हर्जिनिया टेकचे होकी. 1896 मध्ये कॉलेजचं नाव बदललं, जुनी आरोळी चालेना, नव्या आरोळीसाठी स्पर्धा ठेवली, ओ. एम. स्टल या विद्यार्थ्याने "होकी होकी होकी हाय" लिहून पाच डॉलरचं बक्षीस मिळवलं. त्याला पुढे विचारलं तर म्हणाला काही अर्थ नाही, लक्ष वेधून घेणारा आवाज हवा होता. झालं ना? नाही झालं. लोक अजून सांगतात की होकी म्हणजे खच्ची केलेला टर्की पक्षी, आणि ही गोष्ट सांगण्यात प्रतिस्पर्ध्यांना विशेष रस. टर्की तिथे आली ती दुसऱ्या वाटेने, टीमला गॉबलर्स (म्हणजे टर्कीचे नर, किंवा बकाबका गिळणारे) म्हणायचे म्हणून, आणि त्या गॉबलर्सच्याही परत दोन गोष्टी, पोरं जेवण बकाबका गिळायची ही एक आणि मैदानावर शिकवलेली टर्की आणायचे ही दुसरी. नंतर दोन्ही धागे एका पक्ष्यात गुंतले आणि आता लोकांना वाटतं पक्षी म्हणजेच शब्दाचा अर्थ.

मिशिगनच्या वुल्व्हरीनबद्दल एवढंच, की तो प्राणी मिशिगनमध्ये जवळजवळ नव्हताच, 2004 मध्ये एक दिसला तर बातमी झाली. म्हणून काही लोक म्हणतात त्याच्या कातड्यांचा व्यापार तिथून व्हायचा, काही म्हणतात 1835 च्या टोलेडोच्या सीमावादात ओहायोवाल्यांनी अधाशी या अर्थाने हिणवलं. मी दुसऱ्याकडे झुकतो, वर एवढी उदाहरणं दिली त्यावरून कारण कळेलच. पण झुकतो म्हणजे तेवढंच.

तुमच्या मुलीला खरंच आवड असेल तर तिला म्हणावं लायब्ररीत बसून स्वतः शोधून बघ, इंडियानात हे करणं फार सोपं आहे. हूजियर स्टेट क्रॉनिकल्स म्हणून राज्याच्या जुन्या पेपरांचा फुकट डिजिटल संग्रह आहे, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका आहे. शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबायचं नाही, सुरुवातीच्या लिखाणात हूशर, हूझियर असे वेगवेगळे प्रकार येतात, आणि जुना छापा स्कॅन केला की कॉम्प्युटर अक्षरं चुकीची वाचतो, त्यामुळे मिळालेलं पान डोळ्यांनी वाचायचं. हाताने लिहिलेल्या पत्रात वर्षाचा आकडा दोनदा बघायचा, जुन्या अक्षरात 2 आणि 4 मध्ये फसायला होतं आणि वीस वर्षांची चूक होते, मी स्वतः एका पत्राबाबत असा फसलोय आणि आठवडाभर चुकीच्या दशकात शोधत बसलो होतो. आणि फक्त इंडियाना शोधू नको म्हणावं. केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, कॅरोलायना इथले 1830 च्या आधीचे पेपर बघ, तिथे कुणाला हूजियर म्हटलंय का आणि कुठल्या अर्थाने. हॅरी होझियरच्या बाजूने काही निघायचं असेल तर ते त्या राज्यांतल्या मेथडिस्टांच्या पत्रांत आणि सभांच्या नोंदींत निघेल. काही सापडलं तर तारीख, पेपरचं नाव आणि पान नंबर असं तिन्ही लिहून मला कळवा, मी नक्की बघेन.